शाब्दिक उदाहरण आणि किनाऱ्यावरचा देवमासा

चौथी-पाचवीच्या वर्गात फळ्यावर एखादे शाब्दिक उदाहरण लिहावे आणि मुलांकडे पाहत स्वस्थ उभे राहावे. दोन मिनिटे होतात न होतात तोच कोणीतरी विचारते, "गुरुजी, गुणायचे की भागायचे?" हा प्रश्न ऐकला नाही असा शिक्षक विरळा. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात आपल्या गणिताच्या अध्यापनातील एक मोठे वैगुण्य दडलेले आहे. विचारणाऱ्या मुलाने उदाहरण वाचलेले नसते. त्याने त्यातील संख्या तेवढ्या वेचलेल्या असतात. त्या संख्यांचे पुढे काय करावयाचे एवढेच त्याला हवे असते.

या वैगुण्याला आपणही काही अंशी जबाबदार आहोत. "एकूण म्हटले की बेरीज, उरले म्हटले की वजाबाकी, प्रत्येकी म्हटले की भागाकार" अशी सूत्रे आपण मुलांकडून घोकून घेतो. प्रस्तुत लेखकानेही ती कित्येक वर्षे घोकून घेतली. परीक्षेपुरता त्यांचा उपयोग झालाही. पण शब्द किंचित बदलला की मुलांचा पाय घसरू लागला. तेव्हा, शाब्दिक उदाहरण कसे शिकवावे याचा विचार एकच उदाहरण हाती घेऊन, ते शेवटपर्यंत नेऊन करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी विषय समुद्राचा निवडला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू येऊन वाळूत अडकले होते. त्याला पुन्हा पाण्यात नेण्यासाठी सरकारी खात्यांची माणसे आणि ग्रामस्थ झटले. पिल्लू समुद्रात गेले, परंतु पुढे जगू शकले नाही. एवढा मोठा जीव वाळूवर पडलेला असता तो उचलावा कसा, हा प्रश्न तेथे जमलेल्या प्रत्येकाच्या मनात आला असेल. आपले उदाहरण त्याच जातीचे आहे. मात्र त्यातील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, हे मुलांना आधीच सांगावे.

उदाहरण

"ओहोटीच्या वेळी देवमाशाचे एक पिल्लू वाळूवर अडकले. त्याचे वजन ४,००० किलोग्रॅम आहे. त्याला क्रेनने, म्हणजे यारीने, उचलण्यासाठी त्याच्या अंगाखालून एक मजबूत झोळी घातली. झोळीचे वजन २०० किलोग्रॅम आहे. ही झोळी क्रेनच्या आकड्याला पट्ट्यांनी टांगावयाची आहे. एक पट्टा जास्तीत जास्त १,००० किलोग्रॅम भार पेलतो. सर्व पट्ट्यांवर सारखा भार येतो असे माना. पट्ट्यांचे स्वतःचे वजन धरू नका. सकाळपासून तेथे ३० माणसे राबत आहेत. तर झोळी टांगण्यास कमीत कमी किती पट्टे लागतील?"

संख्या मुद्दाम सोप्या घेतल्या आहेत. आकडेमोड अवघड असली की मुलाचे सर्व लक्ष तिच्यात गुंतते आणि विचार करावयाचा राहून जातो. येथे आकडेमोड दोन ओळींची आहे. कसोटी आहे ती समजुतीची.

हे उदाहरण वर्गात दिल्यास पुढील उत्तरे हमखास मिळतात. कोणी दिसतील त्या सर्व संख्यांची बेरीज करून ५,२३० हे उत्तर लिहितो. कोणी ४,००० ला १,००० ने भागून ४ पट्टे सांगतो. कोणी झोळीचे वजन मिळवितो, ४,२०० ला १,००० ने भागतो आणि "४, बाकी २००" असे लिहून थांबतो. कोणी अपूर्णांक शिकलेला असतो. तो ४ १/५ पट्टे लावतो. आणखी एखादा, निम्म्याहून कमी असेल ते सोडून द्यावे हा नियम आठवून, पुन्हा ४ वर येतो. यांपैकी एकही उत्तर बरोबर नाही.

किनारपट्टीवरील एका शाळेत हे उदाहरण घातले असता, अर्धा-पाव पट्टा लावणाऱ्यांत रापणकरांची मुले होती. पहाटे वडिलांबरोबर रापण ओढण्यास जाणारी ही मुले दोराच्या बाबतीत कधीही फसणारी नव्हेत. कोणता दोर किती ओढ सहन करील, हे त्यांच्या हातांना ठाऊक असते. "पाचव्या हिश्शाचा पट्टा आकड्याला अडकवशील कसा?" असे विचारताच सारा वर्ग हसला, आणि ज्याने उत्तर लिहिले होते तोही हसला. म्हणजे ज्ञान त्याच्यापाशी होते. ते त्याने वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते, इतकेच. ते आत कसे आणावे हाच आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

सोडविण्याच्या पायऱ्या

हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात कोणताही प्रश्न सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या वर्गांसाठी त्यांचा विस्तार पुढीलप्रमाणे करता येईल.

(१) संख्येवाचून सांगणे. मुलांनी उदाहरण मनात एकदा वाचावे आणि पुस्तक मिटावे. नंतर एकाने उठून एकही संख्या न उच्चारता गोष्ट सांगावी : "एक जड पिल्लू आहे. ते झोळीत आहे. झोळी पट्ट्यांनी टांगायची आहे. पट्ट्याला फार वजन झाले तर तो तुटेल. म्हणून पुरेसे पट्टे हवेत." ज्या मुलाला एवढे सांगता आले त्याने निम्मे उदाहरण सोडविले असे समजावे. ज्याला ते आले नाही त्याच्या हातून क्रिया करवून घेण्यात अर्थ नाही.

(२) चित्र काढणे. चित्र सुबक असण्याची गरज नाही. वर आकडा, त्याखाली उभ्या रेघा म्हणजे पट्टे, त्यांना टांगलेली झोळी आणि झोळीत पिल्लू, एवढे पुरे. हे चित्र काढताच एक गोष्ट आपोआप ध्यानात येते. पट्टे पिल्लालाच केवळ नव्हे, तर झोळीलाही तोलून धरतात. झोळीचे वजन का मिळवावयाचे हे शब्दांनी समजावण्यापेक्षा चित्राने लवकर समजते.

(३) काय दिले, काय विचारले, काय नको. वहीवर तीन रकाने पाडावेत. दिलेल्यांत पिल्लाचे वजन, झोळीचे वजन व एका पट्ट्याची शक्ती येईल. विचारलेल्यांत पट्ट्यांची संख्या येईल. राबणारी ३० माणसे तिसऱ्या रकान्यात जातील. उदाहरणात दिलेली प्रत्येक संख्या वापरलीच पाहिजे, असा मुलांचा दृढ समज असतो. कारण आपल्या पुस्तकांत नको असलेली संख्या सहसा येतच नाही. व्यवहारात मात्र नको असलेल्या संख्याच अधिक असतात. त्या बाजूला काढणे हेही गणितच होय.

(४) अंदाज आणि क्रिया. क्रियेपूर्वी अंदाज घ्यावा. पट्टा हजाराचा, वजन चार हजारांहून थोडे अधिक. तेव्हा उत्तर चाराच्या आसपास येणार, चाळीस किंवा चारशे येणार नाही. आता "गुणू की भागू" हा प्रश्न बाजूला ठेवून पट्टे एकेक करून लावावेत. एका पट्ट्याने १,००० पेलले, दोहोंनी २,०००, तिहींनी ३,०००, चोहोंनी ४,०००. पेलावयाचे आहेत ४,००० + २०० = ४,२००. अजून २०० उरतातच. म्हणून पाचवा पट्टा हवा. भागाकार म्हणजे हीच मोजणी थोडक्यात करण्याची रीत आहे, हे मुलाच्या लक्षात आले की क्रियेची निवड ही त्याला शिक्षकाला विचारण्याची गोष्ट वाटत नाही.

(५) उत्तर किनाऱ्यावर नेऊन पाहणे. ताळा पाहण्याचा प्रघात आपल्याकडे आहेच. परंतु तो बहुधा आकड्यांपुरता असतो. येथे ताळा वस्तुस्थितीशी पाहावयाचा आहे. पाच पट्टे लावल्यास प्रत्येकावर ४,२०० ÷ ५ = ८४० किलोग्रॅम भार येईल. तो १,००० हून कमी आहे, पट्टे टिकतील. चार लावल्यास प्रत्येकावर १,०५० किलोग्रॅम येईल. पट्टा तुटेल आणि वाचवावयास घेतलेला जीव उंचावरून वाळूवर आदळेल. म्हणून उत्तर : कमीत कमी ५ पट्टे.

पाहा, झोळीचे वजन विसरणाऱ्याची चूक केवळ २०० किलोग्रॅमची होती. चार हजारांपुढे दोनशे म्हणजे काहीच नव्हे असे वाटते. परंतु त्या दोनशेंमुळेच पट्टा तुटतो. ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसली तर "एवढ्याशा चुकीने काय होते?" असे ती पुन्हा म्हणणार नाहीत.

बाकीचे काय करावयाचे?

शाब्दिक उदाहरणांत सर्वाधिक घोटाळा बाकीमुळे होतो. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास झालेल्या एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर १,१२८ सैनिकांना किती बस लागतील? शेकडा ७० मुलांनी भागाकार बरोबर केला. परंतु ३२ हे योग्य उत्तर लिहिणारी शेकडा २३ च निघाली. शेकडा २९ मुलांनी "३१, बाकी १२" असे लिहिले. ते बारा सैनिक रस्त्यावरच उभे राहिले! तात्पर्य, हा दोष आपल्याच मुलांचा आहे असे नाही.

बाकीचे काय करावयाचे हे भागाकार सांगत नाही. ते प्रसंग सांगतो. आपल्या किनाऱ्यावरचेच तीन प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग पट्ट्यांचा. बाकी २०० उरली, म्हणून एक पट्टा वाढविला.

दुसरा प्रसंग पाण्याचा. पिल्लाचे अंग ओले ठेवावयाचे आहे. पिंपात २०० लिटर पाणी आहे. १५ लिटरच्या किती बादल्या पूर्ण भरतील? भागाकार १३, बाकी ५. येथे चौदावी बादली पूर्ण भरणार नाही. बाकी सोडून द्यावयाची. उत्तर १३.

तिसरा प्रसंग कापडाचा. अंगावर घालण्यासाठी १३ मीटर कापडाचे ४ सारखे तुकडे करावयाचे आहेत. प्रत्येक तुकडा किती लांबीचा? भागाकार ३, बाकी १. येथे बाकी वाढवावयाची नाही आणि सोडावयाचीही नाही. तीच चौघांत वाटावयाची. उत्तर ३ १/४ मीटर.

ही तीन उदाहरणे एकाच तासात, एकापाठोपाठ एक घ्यावीत. वेगवेगळ्या दिवशी घेतल्यास प्रत्येकाचा एकेक नियम बनतो आणि मुले पुन्हा नियम घोकू लागतात.

वृत्तपत्रातील देवमासा

पुस्तकातील उदाहरण सोडविता येऊ लागले म्हणजे खऱ्या घटनेतील आकडे मुलांपुढे ठेवावेत. जानेवारी २००४ मध्ये तैवानच्या किनाऱ्यावर एक स्पर्म व्हेल जातीचा देवमासा मरून पडला होता. त्याची लांबी १७ मीटर व वजन सुमारे ५० टन असल्याचे प्रसिद्ध झाले. तो मालमोटारीवर चढविण्यास ३ मोठ्या क्रेन, ५० माणसे आणि १३ तासांहून अधिक वेळ लागला. (पुढे ताइनान शहरातून नेत असता, कुजल्यामुळे आत साचलेल्या वायूंनी त्याचे पोट फुटले व रस्ता घाण झाला. ही हकीकत मुले कधी विसरत नाहीत!)

या माहितीवरून उदाहरणे तयार करण्यास मुलांनाच सांगावे. बहुतेक जण विचारतील : एका क्रेनने किती वजन उचलले? ५० ÷ ३ = १६ २/३ टन. हा हिशेब बरोबर. पण ती सरासरी झाली. या जातीच्या देवमाशाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक-तृतीयांश असते. डोक्याकडील क्रेनवर आणि शेपटीकडील क्रेनवर सारखा भार कसा येईल? आपल्या पहिल्या उदाहरणात "सारखा भार येतो असे माना" हे वाक्य का घातले होते, याचा उलगडा येथे होतो.

दुसरे कोणी त्रैराशिक मांडील : १३ तास धरले तर ५० माणसांचे काम १०० माणसे किती तासांत करतील? व्यस्त प्रमाणाने ६ १/२ तासांत. मग विचारावे, ६५० माणसे किती वेळात करतील? एका तासात. आणि १,३०० माणसे? अर्ध्या तासात! येथे वर्ग थबकतो. तेराशे माणसे त्या देवमाशाभोवती उभी तरी कोठे राहणार? क्रेन तर तीनच आहेत. प्रत्येक माणूस सारखे काम करील आणि माणसे वाढली म्हणून अडचण होणार नाही, असे गृहीत धरले तरच त्रैराशिक लागू पडते. रीत खोटी नसते. ती कोठे लावावी हे ठरविण्याचे काम माणसाचे असते.

याउलट, कधीकधी विचारलेल्या प्रश्नास उत्तरच नसते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास लहान मुलांना विचारण्यात आले : जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची कसलीतरी जुळवाजुळव करून वय सांगितले. आपणही महिन्यातून एकदा असे एखादे उदाहरण अवश्य घालावे. "माहिती अपुरी आहे" हेही उत्तर असू शकते, आणि ते धीटपणे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात, हे वर्गाला दिसले पाहिजे.

समुद्र तो कसा उचलतो?

हे सर्व झाल्यावर एखादे मूल विचारते, "एवढा जड मासा समुद्रात बुडत कसा नाही?" प्रथम देवमासा हा मासा नसून पिल्लांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हे सांगावे. नंतर मूळ प्रश्नाकडे वळावे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने दाखविले की, पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला खालून मिळतो. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलोग्रॅम असते. म्हणून ४ घनमीटर पाणी सुमारे ४,१०० किलोग्रॅम भरते. आपले पिल्लू ४,००० किलोग्रॅमचे. तेव्हा सुमारे ४ घनमीटर पाणी बाजूला सारताच त्याचा सर्व भार समुद्र उचलतो.

शाळेच्या अंगणात २ मीटर लांब व २ मीटर रुंद चौकोन आखावा आणि त्यावर १ मीटर उंच काठ्या उभ्या कराव्यात. हे झाले ४ घनमीटर. पाच पट्टे आणि एक क्रेन यांनी करावयाचे काम एवढ्या पाण्याने होते, हे पाहून मुले चकित होतात. वरच्या इयत्तांत दगडाला दोरी बांधून तो तानकाट्याला टांगावा, आधी हवेत आणि मग बादलीतील पाण्यात त्याचे वजन पाहावे. काटा वर सरकलेला प्रत्येकाच्या डोळ्यांना दिसेल.

वाळूवर मात्र हा आधार नाहीसा होतो. देवमाशाचे स्वतःचेच वजन त्याच्या छातीवर पडते आणि त्याला श्वास घेणे कठीण होते. म्हणूनच अशा प्राण्याला शेपटीस दोर बांधून फरफटत ओढू नये. त्याने इजा होते. त्याचे अंग ओले ठेवावे, श्वासाचे छिद्र पाण्याने किंवा कापडाने बंद होऊ देऊ नये, जाणत्यांना बोलवावे आणि भरतीची वेळ विचारात घ्यावी. भरतीचे पाणी अंगाभोवती जसजसे चढते तसतसा उचलावयाचा भार कमी होत जातो. कित्येकदा उचलण्याच्या प्रश्नाचे उत्तर उचलणे हे नसून योग्य वेळेची तयारीने वाट पाहणे हे असते.

सरावासाठी उदाहरणे

(१) पट्टे जोडीनेच लावावे लागत असतील, तर वरील झोळीस किती पट्टे लागतील व प्रत्येकावर किती भार येईल? (उत्तर : ६ पट्टे, ७०० किलोग्रॅम.)

(२) पाच पट्ट्यांवर प्रत्येकी ८४० किलोग्रॅम भार आहे. आकड्याला टांगलेले वजन किती? (उत्तर : ४,२०० किलोग्रॅम. येथे "प्रत्येकी" हा शब्द असूनही भागाकार करावयाचा नाही, हे दाखवून द्यावे.)

(३) एक क्रेन ५ टन वजन उचलते. पिल्लू ४ टनांचे आहे. पिल्लाचे वय किती? (उत्तर : माहिती अपुरी आहे.)

(४) झोळी तीच ठेवून ५ पट्ट्यांनी जास्तीत जास्त किती वजनाचे पिल्लू उचलता येईल? (उत्तर : ४,८०० किलोग्रॅम.)

भास्कराचार्यांनी लीलावतीत भुंग्यांचा थवा, तळ्यातील कमळ, सापावर झेपावणारा मोर अशी उदाहरणे घातली, त्याला आठशेंहून अधिक वर्षे झाली. ती केवळ मनोरंजनासाठी नव्हेत. आधी चित्र डोळ्यांपुढे उभे राहावे आणि मग हिशेब सुचावा, असा तो क्रम आहे. आपणही तोच क्रम राखावा. पुढच्या वेळी "गुरुजी, गुणायचे की भागायचे?" असा प्रश्न आला, तर उत्तर देण्याची घाई करू नये. "आधी तेथे काय घडले आहे ते मला सांग" असे म्हणावे. त्या दिवशी एक उदाहरण कमी सुटले तरी हरकत नाही. जे सुटेल ते त्या मुलाने स्वतः सोडविलेले असेल.